मंजुरीसाठी थांबलेले निरोप

त्या दिवशी अप्पा मशीनवर वैतागले होते, एवढंच. बाकी दिवस नेहमीसारखा होता.

मी सकाळच्या गाडीनं नांदेडहून लातूरला आले होते. ज्या डाळमिलच्या ऑफिसात अप्पांचं सगळं आयुष्य गेलं, तिथंच आमच्या कंपनीनं एआय बसवलं होतं. बाहेरगावच्या दुकानदारांना रोजचा भाव कळवायचा, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, ऑर्डर नोंदवून घ्यायची, हे सगळं ते लिहून देणार होतं. लिहून देतही होतं. वापरत मात्र कुणी नव्हतं. हिशेब पाहणाऱ्या महादेवीताई स्क्रीन उघडून ठेवायच्या आणि शेजारचा फोन उचलायच्या. मिलचे मालक अमरनाथशेठ, वयानं माझ्याएवढेच, दर बैठकीत मला एकच विचारायचे, "पार्ट्या उत्तर का देत नाहीत?"

पार्ट्या, म्हणजे ते दुकानदार, उत्तर देत नव्हते कारण त्यांना वीरण्णांची सवय होती. वीरण्णा म्हणजे माझे अप्पा. बाजारात सौदा निघाला, म्हणजे त्या दिवसाचा भाव ठरला, की ते प्रत्येकाला वेगळा निरोप लिहायचे. भाव सगळ्यांना तोच, शेवटची ओळ मात्र ज्याची त्याला. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाचा गुडघा, कुणाच्या गल्लीतलं नळाचं पाणी. त्यांच्या परवानगीनं मी त्यांचे जुने निरोप प्रोग्रामला दिले होते, आणि आता त्यानं लिहिलेले मसुदे त्यांना दाखवत होते.

"हे बघ काय लिहिलंय," अप्पा चष्मा वर करून म्हणाले. "'आपल्या सेवेसाठी आम्ही सदैव तत्पर आहोत.' अगं, मी डाळ विकलालोय का निवडणुकीला उभारलोय?"

महादेवीताई हसल्या.

"तुम्ही दुरुस्त करा ना," मी म्हणाले. "त्यातून ते शिकतं."

"म्हणजे ह्या वयात मला नवीन उमेदवार दिलाव म्हणा की हाताखाली."

"तसंच समजा."

"पगार न्हाई, चहा न्हाई, सुट्टी न्हाई. असा गुमास्ता शेठला लई आवडंल."

महादेवीताईंचं हसू थांबलं. "मग आमालाच सुट्टी की, कायमची," त्या म्हणाल्या.

"कशाला भेता, ताई? ह्याला फोनवर कोण शिव्या देणार हाय? शिव्या खायाला माणूसच लागतंय."

पण एका गोष्टीवर ते अडून बसले. निरोप त्यांच्या नावानं जाणार असेल तर त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही सुटता कामा नये. म्हणून मी मध्ये एक पायरी घातली. प्रोग्रामनं मसुदा करायचा, तो अप्पांच्या फोनवर यायचा, त्यांनी 'मंजूर' दाबलं की पुढं जायचा. दुपारभर ते दुरुस्त्या करत बसले. मधूनच मशीनवर खेकसायचे, "आरं, विचारलंय तेवढंच सांग की!" आणि मग माझ्याकडं बघायचे, मी हसते का ते पाहायला. संध्याकाळी आम्ही चालत घरी गेलो. वाटेत ते बरंच काही बोलले. त्यातलं मला काहीच आठवत नाही, आणि ते आठवायचा प्रयत्न मला सोडताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून उठताना अप्पा परत खाली बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर आले, शेजारचे आले, मठातले स्वामी आले. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे अप्पांना फुलांच्या विमानात बसवून नेलं आणि तसंच बसवून मातीत ठेवलं. नातेवाइकांना काकांनी कळवलं. ऑफिसला शेजाऱ्यांनी कळवलं. लातूरच्या बाजारात तासाभरात कळलं होतं. मला कुणालाच सांगावं लागलं नाही. माझ्या नांदेडच्या ऑफिसला मी 'घरी अडचण आहे' एवढंच लिहिलं.

सौदा मात्र निघत होता. नवी तूर बाजारात आली होती, आणि सौदा निघाला की प्रोग्राम मसुदे करायचा आणि ते मंजुरीसाठी अप्पांच्या फोनवर यायचे. फोन भिंतीतल्या देवळीत होता. तो थरथरायचा, सरकत सरकत कडेला यायचा. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "त्यांचा फोन वाजलालाय, बघ गं." मी उठून तो परत आत ढकलायचे. बंद का केला नाही, मला सांगता येणार नाही. मी घरात कुठंही बसले तरी तो ऐकू यायचा. गच्चीवर जायचे, खाली यायचे, दारातल्या चपला सरळ लावायचे, पुन्हा वर जायचे.

एकदा मी त्यातला एक मसुदा उघडून वाचला. देगलूरच्या नीलम्मांसाठी होता. 'नीलम्मा, फटका तूरडाळीचा भाव कालचाच. घाई करू नका, थोडं थांबून माल भरा. ऊन वाढलंय, दुपारी दुकान बंद ठेवत जा.' 'सदैव तत्पर' कुठंच नव्हतं. दुपारभराच्या दुरुस्त्यांतून ते शिकलं होतं. मी फोन ठेवला आणि हात धुतले, का ते कळलं नाही.

अमरनाथशेठ भेटायला आले. सतरंजीवर बसले, आईला नमस्कार केला. निघताना मला दाराबाहेर बोलावलं.

"आत्ता बोलू नये, ताई. पण निरोप अडकून पडलेत. ती मंजुरीची पायरी काढता येईल का?"

"येईल. नाव कुणाचं घालायचं?"

ते चप्पल घालत राहिले. "वीरण्णाकाकांचंच राहू द्या थोडे दिवस. बाहेरगावच्यांना सावकाश सांगू. ते फोनवरचेच लोक आहेत सगळे, कुणी कधी भेटलंय?"

मी हो म्हणाले. मोठा विचार केला नाही. पायरी काढली की देवळीतला फोन थांबणार होता. लॅपटॉप उघडून मी ती काढली. साठलेले निरोप एकदम गेले आणि घर शांत झालं.

त्या शांततेतही मला बसवेना, म्हणून मी ऑफिसात जायला लागले. तिथं वेगळाच उत्साह होता. देगलूर, औराद, बिदर, सगळीकडून उत्तरं येत होती. लोक ऑर्डर देत होते, प्रोग्राम त्या नोंदवत होता, गाड्यांत कट्टे, म्हणजे डाळीची पोती, भरली जात होती. नांदेडहून माझ्या साहेबांचा निरोप आला, 'अखेर अडथळा दूर झाला! हे सगळं नीट लिहून काढ, दुसऱ्या गिऱ्हाइकांना दाखवता येईल.' काय लिहून काढू, मी विचार करत होते. लोक बदलाला तयार नसतील तर त्यांच्या ओळखीच्या माणसाचं नाव वापरावं. तो माणूस हयात असण्याची गरज नाही.

महादेवीताई माझ्या टेबलाशी आल्या. "स्क्रीनवर त्यांचं नाव आलं की मी उठून उभी राहते बघा, सवयीनं. मग बसते." थोडं थांबून म्हणाल्या, "त्यापरीस माझं नाव घाला की. मी वाचीन, मग पाठवीन."

अमरनाथशेठ आतून ऐकत होते. "ताई, चाललंय ते चालू द्या ना. तुमच्या नावानं भाव गेला तर पार्टी आधी विचारणार, वीरण्णा कुठं आहेत?"

"विचारू द्या की."

"आत्ता सीझनमध्ये?"

महादेवीताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी स्क्रीनकडं पाहिलं. अप्पांचा फोन माझ्या पर्समध्ये होता. घरी ठेववत नव्हता.

त्याच दुपारी नीलम्मांचा निरोप आला. त्यांचं देगलूरला किराणा दुकान होतं. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीनं चालवलं, आणि सुरुवातीला अप्पांनी त्यांना माल कधी भरायचा, कधी थांबायचं हे फोनवर शिकवलं होतं. निरोप एवढाच होता: 'आज दुकान बंद. थोरले दीर गेले.'

मी वाचेपर्यंत प्रोग्रामनं उत्तर पाठवलंही होतं. 'नीलम्मा, ऐकून फार वाईट वाटलं. काळजी घ्या. फटका डाळ आज तेज आहे, उद्या आणखी वाढेल. तुमच्यासाठी किती कट्टे धरून ठेवू?' खाली, वीरण्णा.

महादेवीताईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि तोंडावर हात ठेवला.

दुःखाच्या घरी भाव पाठवत नाहीत. माणूस पाठवतात, नाहीतर गप्प बसतात. त्या घरानं आपणहून विचारेपर्यंत डाळीचं नाव काढायचं नाही. आमच्याही घरी या दिवसांत लातूरचे कितीतरी व्यापारी येऊन गेले, कुणी बाजाराचा शब्द काढला नव्हता. बाजारात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, म्हणूनच मशीनला ते कुणी सांगितलं नव्हतं. अप्पांच्या नजरेखालून गेला असता तर त्यांनी हा निरोप तिथंच पुसला असता. पायरी मी काढली होती.

पर्समधला फोन वाजायला लागला. नीलम्मांचं नाव दिसत होतं. अमरनाथशेठ बाहेर आले, त्यांनी स्क्रीन वाचली, मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "बाहेरगावी गेलेत म्हणा. मी नंतर सांभाळतो."

मी फोन उचलला.

"वीरण्णा, हे काय केलाव ओ?" नीलम्मांचा आवाज रडून बसलेला होता. मागं बायकांचा गलका होता. "मयत अजून दारात हाय, आन् तुम्ही कट्टे विचारलालाव? दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी फोन बी केला नसता."

"मी त्यांची मुलगी बोलतेय."

त्यांचा आवाज खाली आला. "शिवानी का? नांदेडची? लई सांगतेत तुझं. माझी लेक मशीनला मराठी शिकवती म्हणून." मग परत आवाज चढला. "दे बाई त्यांना फोन. मला भांडायचं हाय. त्यांच्यासंगट न्हाई भांडू तर कुणासंगट भांडू आज?"

अमरनाथशेठ हातानं खूण करत होते, बाहेर, बाहेर. तेवढं म्हटलं असतं तर त्या मुकाट्यानं फोन ठेवून दारातल्या मयताकडं गेल्या असत्या आणि उद्यापासून निरोप पुन्हा चालू झाले असते. मी खुर्चीवरून उठले. खिडकीशी गेले, परत टेबलाशी आले.

"काय गं? हायेत का न्हाईत तिथं?"

"मावशी, तो निरोप त्यांनी लिहिला नाही. मशीननं लिहिला, त्यांच्या नावानं. मी लिहू दिला." माझा आवाज ऑफिसभर ऐकू जात होता. तो मला खाली आणता येईना. "अप्पा वारले, मावशी. माझे अप्पा वारले."