दाराच्या फटीतली छागल

मी एक जुनी छागल आहे, मित्रांनो. आता छागल म्हणजे काय, असं तोंड करून बसू नका. जाड कापडाची पाण्याची पिशवी. एका कोपऱ्याला तोटी, तोटीत लाकडाचं बूच, बूच हरवू नये म्हणून त्याला सुतळी, आणि वर लटकवायला दोरी. झालं. यात न कळण्यासारखं काय आहे? गाड्यांमध्ये गार पाणी मिळायचं ते आमच्यामुळे.

मला एका तंबू शिवणाऱ्याने शिवलं. तंबूचं कापड उरलं की त्यातून तो आम्हाला काढायचा. म्हणजे मी तंबूची धाकटी बहीण. शिवताना तो तोंडाने सारखा बडबडायचा, "पाझर, पण गळू नकोस हं." हे नीट ऐका, कारण माझी सगळी करामत त्यातच आहे. मी थोडी पाझरते, अंग ओलं ठेवते, त्याला वारा लागतो आणि पोटातलं पाणी गार होतं. थोडं वाऱ्याला द्यायचं, उरलेलं गार करून माणसाला द्यायचं. दुसरं काही मला येत नाही.

मला विकत घेतलं एका ट्रक ड्रायव्हरने. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. ट्रकचा भोंगा बिघडला तर हा खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, आणि समोरची गाडी बाजूला व्हायची! मला तो ट्रकच्या पुढच्या जाळीला लटकवायचा. काय मुलूख बघितला मी! एका फेरीत तर दोन्ही बाजूला नुसती वाळू. आत्ता आहे ती टेकडी वाऱ्याने उद्या दुसरीकडे. भोंग्यासारखा भोंगा, पण तिथे तासभर गप्प बसला.

घरी आल्यावर बायकोला म्हणाला, "तुला एकदा वाळू दाखवणार. बघशील तर तोंडच बंद होईल तुझं."

ती म्हणाली, "तुमचं उघडलंय की अजून. माझं कशाला बंद होतंय?"

ट्रकवरचा क्लीनर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही वहिनीच म्हणते. वहिनी कधीमधी ट्रकमधून माहेरी जायची. उन्हात गाडी थांबवून भोंगा मला पुढे करायचा, "घे, बर्फासारखं आहे." ती नुसते ओठ ओले करायची आणि बूच लावून टाकायची. क्लीनर मात्र गटागटा प्यायचा. नव्या कापडाचा वास पाण्याला लागतो, तो हिला आवडत नसेल, असं मला वाटायचं. खरं सांगते, मनाला फार लागायचं.

पुढे भोंगा गेला. ट्रक विकला. वाळू बघायची राहून गेली.

माझं काय झालं विचाराल तर सांगायला लाज वाटते. गॅलरीचं दार वाऱ्याने धाडधाड आपटायचं. भोंग्याच्या मुलाने एक दिवस मला घडी घालून दाराच्या फटीत कोंबलं. बस. बर्फासारखं पाणी देणारी मी, दाराची पाचर झाले. एकामागून एक वर्षं गेली. अंग वाळून कडक झालं. पण एक बरं होतं, तिथून स्वयंपाकघर सगळं दिसायचं.

मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर लोकांना "हे दिसतंय? आता दिसतंय?" विचारून घरी येतो, आणि घरात समोर ठेवलेला डबा त्याला सापडत नाही. त्याची बायको, म्हणजे वहिनीची सून, तलावावर पोहायला शिकवते. गळ्यात कायम शिट्टी. सवय अशी की दूध उतू जायला लागलं तरी आधी शिट्टी वाजवते, मग गॅस बंद करते.

एकदा या सुनेने सासूला विचारलं, "आई, साठी झाली तुमची. काय हवं?"

वहिनी भांडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "वाळू बघायची आहे."

सुनेला वाटलं समुद्रावरची. वहिनी म्हणाली, "ती नाही गं. कोरडी. जिला पलीकडचा काठच नसतो ती. आणि गाडीतून नाही बघायची. पाठीवर बोचकं घेऊन चालत."

मुलगा जेवताजेवता ठसकला. पण सुनेचे डोळे चमकले. तिलाही घरातून निघायचंच होतं, फक्त कोणी आधी म्हणायची वाट बघत होती.

मग काय, स्वयंपाकघराची फरशी म्हणजे वाळवंट झालं. नकाशा मधोमध. लाटणं म्हणजे गाडीरस्ता. मिठाची बरणी म्हणजे शेवटचं गाव. मुलूख दोघींनाही नवा. वहिनीकडे होत्या नुसत्या भोंग्याच्या गोष्टी. ती ठासून सांगायची, "हे म्हणायचे, दर पल्ल्याला विहीर असते."

सून म्हणाली, "बाबांचा रस्ता वेगळा होता, आई. ते ट्रकने जायचे, धाब्याधाब्याने. इथे रस्ताच नाही. तिथल्याच माणसाला विचारूया."

शेवटच्या गावातला एक जीपवाला फोनवर सापडला. तो म्हणाला, "विहीर आहे की. नकाशात पण आहे. पण पाणी खारट. बकऱ्या पितात, माणसं तोंड वाकडं करतात. आणि ताई, थंडीत या. रात्री स्वेटर लागतो इथे, लोक हसतात सांगितलं तर. पण पाणी मात्र सगळं आपलं आपण आणायचं."

म्हणजे आता सगळा प्रश्न पाण्याचा. सुनेने बाटल्या फरशीवर मांडल्या. एक रांग आपली, एक सासूची, आणि थोड्या जास्तीच्या, अडीअडचणीला. पोतंभर वजन झालं. सून आत गेली, तसं वहिनीने काय केलं माहीत आहे? आपल्या रांगेतल्या निम्म्या बाटल्या उचलून कपाटात टाकल्या आणि उरलेल्या लांब लांब मांडून रांग भरल्यासारखी केली. मी दाराच्या फटीतून बघत होते. पण मला बूच आहे, तोंड नाही. कोणाला सांगणार?

सुट्टीच्या दिवशी दोघी पाठीवर पिशव्या बांधून सरावाला गेल्या. गावाबाहेर खडीची जुनी खाण आहे, तिथे. शेजारीण जिन्यात म्हणाली, "घर सोडून चाललात की काय? मुलाने काढलं?"

"काढलं असतं तर त्याला काढून मी आत राहिले असते," वहिनी म्हणाली आणि ताठ मानेने उतरली.

परत आली ती सुनेच्या खांद्यावर. खाणीत भोवळ येऊन बसली होती. चेहरा पांढरा, ओठ सुकलेले. आणि तिच्या पिशवीतल्या बाटल्या जशाच्या तशा भरलेल्या. सील फुटलेलं नाही.

मुलगा खूप घाबरला होता. घाबरला की तो ओरडतो, वडिलांवर गेलाय. "बास! रद्द! इथे चार पावलांत ही दशा, तिथे कोण उचलणार? तिकिटं परत करा उद्याच्या उद्या."

सुनेने नकाशाची घडी घातली. बरणी मांडणीवर गेली, लाटणं पोळपाटावर गेलं. वाळवंट होतं तिथे फरशी उरली. वहिनी दोन दिवस "हो" आणि "नाही" एवढंच बोलत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीच्या दारात आली आणि काय मनात आलं, मला ओढून बाहेर काढलं. दार धाडकन आपटलं. तिने माझी धूळ झटकली, बेसिनमध्ये धरून घासलं, तोटीतून पाणी भरलं. आणि मित्रांनो, मी गळले. इथून गळले, तिथून गळले, सगळ्या अंगातून धारा. तिच्या साडीवर, फरशीवर, मुलाच्या मोज्यांवर.

"चाळण झालीये आई तिची. टाकून दे."

"चाळण नाही रे. तहानलीये ती," वहिनी म्हणाली. "कोरडी ठेवली की धागे आक्रसतात. भिजत घालायची. फुगली की धरते पाणी."

सून चहा गाळत होती. तिने गाळणं खाली ठेवलं. बादली भरून मला आत बुडवलं. मग एक तांब्या भरला आणि तो सासूच्या हातात दिला.

"तिला बादली, तुम्हाला तांब्या. आता सांगा, का नाही पाणी प्यायलात खाणीत?"

"मला कमी लागतं."

"आई."

वहिनी मुलाकडे बघेना. तो आपणहून गॅलरीत गेला, दार लावून. मग ती हळूच म्हणाली, "अगं, प्रवासात पाणी प्यायचंच नाही, अशी सवय आहे. ट्रकमध्ये पुरुषमाणसं. गाडी थांबवा म्हणून सांगायचं कसं? आणि थांबवली तर आडोसा कुठे शोधायचा? ते एवढ्या मायेने गार पाणी पुढे करायचे. मी नुसते ओठ ओले करायची."

बादलीत बुडलेली मी, तरी माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे वास नव्हता! इतकी वर्षं मी उगाच स्वतःला खात होते.

सून तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम खदखदून हसली. हसताहसता डोळे पुसायला लागली. "आई, वाळवंट आहे ते! तिथे आडोशाशिवाय आहेच काय? एक टेकडी तुमची, एक माझी. टेकड्या कमी पडल्या तर सांगा."

वहिनी लाजली, मग हसली, मग तांब्या तोंडाला लावला. गॅलरीतून आवाज आला, "मी येऊ का आत?"

"थांब तिथेच," दोघी एकदम म्हणाल्या.

मग सगळं नव्याने आखलं. या टोकाकडून त्या टोकाला जायचं वेड सोडलं. गेल्या वाटेनेच परत यायचं, एकच मुक्काम. गावापासून अर्ध्या दिवसावर जीपवाला पाणी ठेवणार, आणि ठरल्या वेळी दोघी दिसल्या नाहीत तर शोधायला निघणार. अर्धं पाणी संपलं की असू तिथून मागे फिरायचं, समोर कितीही छान दिसत असलं तरी. जास्तीच्या बाटल्या कशासाठीही कमी करायच्या नाहीत, ओझं झालं तर पिशवीतून स्वेटर काढू पण बाटली नाही. आणि मुलाने एक अट घातली. आईने पुन्हा खाणीत चालून दाखवायचं. स्वतःच्या पायांनी घरी यायचं आणि बाटल्या रिकाम्या दाखवायच्या.

या वेळी मीही गेले, सुनेच्या पाठीला लटकून. फुगून, भरून, नुसती पाझरत. सून थोड्या थोड्या वेळाने शिट्टी वाजवायची, की सासूने घोट घ्यायचा. खाणीतले कामगार बघत होते. एकाने विचारलं, "मावशी, कसली स्पर्धा आहे?"

"सुनेला विचार. पंच ती आहे!"

घरी आल्यावर वहिनीने रिकाम्या बाटल्या मुलासमोर उलट्या करून दाखवल्या. थेंब नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, "टॉर्चला नवे सेल घातलेत का?"

म्हणजे जा, असं.

आज आम्ही तिथे आहोत, मित्रांनो. मिठाच्या बरणीएवढं गाव मागे राहिलं. जीपवाला हात हलवून गेला. समोर वाळू, वाळूमागे वाळू. वहिनी पहिल्या टेकडीवर चढली आणि उभी राहिली. भोंगा म्हणाला होता तसंच झालं. तोंड बंद. सून मागून आली, शिट्टी ओठांकडे नेली.

ती वाजायच्या आत वहिनीने हात पुढे केला.

"पाणी दे गं."

तिने माझं बूच काढलं आणि प्यायली. ओठ ओले नाही केले, प्यायली, घशाखाली, गटागटा, क्लीनर प्यायचा तशी. मग तोंड पुसून म्हणाली, "कापडाचा वास येतो याला. ट्रकसारखा." आणि परत तोंडाला लावलं.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू वाळवून फटीत कोंबू नका. टाकायच्या आधी एकदा भिजवून बघा. आणि तुमच्या घरात कोणी "मला नको, मला कमी लागतं" म्हणत असेल, तर नुसतं "बरं" म्हणून पुढे जाऊ नका. जवळ बसा आणि का ते विचारा. पाण्याचा पेला हातात देऊन विचारा.

तिकडे घरी आता दार धाडधाड आपटत असेल. आपटू दे.