गालावरची बटणं

मागच्या वर्षी तनुजा दुसऱ्या राऊंडात पडली आणि ते पडणं सगळ्या निघोज्यानं मोबाइलवर बघितलं. जिंकली असती तर कुणी तो व्हिडिओ पुढं ढकलला असता का? नाव सोडा! बॉक्सिंगच्या जिल्हा निवडीची फायनल होती. समोर तळेगाव दाभाड्याची मिनल, उंच, गप्प आणि भलतीच थंड डोक्याची. तनुजानं दोन ठोसे मारले, मिनलनं एकच मारला, आणि आमची बया आडवी. उठली, पण पाय लटपटत होते, म्हणून रेफरीनं मॅच थांबवली. चुलतभाऊ ऋतिकनं मोठ्या हौसेनं काढलेला व्हिडिओ, त्यानंच गावच्या ग्रुपवर टाकला. मग काय, विचारूच नका. डेअरीवर दूध घालायला आलेला माणूससुद्धा थांबून विचारायचा, "काय तनुजा, पार्ट टू कधी?"

पार्ट टू येणार होता, पण त्याची अट घरात ठरली होती. त्या दिवशी सुजलेला डोळा घेऊन ती घरी आली तेव्हा आबा, म्हणजे तिचे वडील धर्माजी, अंगणात उभेच होते. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले. शेवटी तिलाच राहवेना. "आबा, एकदा परत लढते तिच्याशी. परत हारले तर बॉक्सिंग सोडलं."

"शब्द?"

"शब्द."

धर्माजींच्या घरात शब्द दिला म्हणजे दिला, त्यात पळवाट नाही. तेव्हा राज्य स्पर्धेला जाणाऱ्या टीममधली जागा, पेपरात नाव वगैरे ठीक आहे, पण खरं पणाला लागलं होतं ते वेगळंच. यंदाची फायनल हरली की चोविसाव्या वर्षी तनुजाचं बॉक्सिंग संपणार होतं, तेही तिच्याच तोंडानं.

पोरगी मग इरेला पेटली. साडेसहाची पहिली शिफ्ट चाकणच्या कंपनीत, तीनला सुट्टी, तिथनं तडक स्कूटरवर पिंपरीला. तिथं हॉलवर सुमनताई शिकवायच्या. सुमनताई म्हणजे तिखट बाई, कौतुक करतानाही दम दिल्यासारखं करायच्या. त्यांचं एकच म्हणणं. "दोन ठोसे मारलेस की हात खाली का टाकतेस गं? मिनल त्याचीच वाट बघते. हात वर ठेव!" तनुजा वर ठेवायची. मिनिटभर राहायचे. जरा धाप लागली की दोन ठोसे, आणि दोन्ही हात एकदम खाली, पोटाशी. तिला कळायचंसुद्धा नाही. दम कमी पडतोय म्हणून ती आणखी पळायला लागली, दोरीवरच्या उड्या दुप्पट केल्या, भात सोडला. हात आपले खालीच!

फायनलला एकवीस दिवस राहिले असताना तिची स्कूटर बंद पडली आणि आबांनी तिला मोटरसायकलवर हॉलवर सोडलं. इतक्या वर्षांत त्या दारात ते पहिल्यांदा आले. सोडून निघणारच होते, तेवढ्यात आतनं सुमनताईंचा आवाज आला. "परत हात खाली! आळशी आहेस तू, दुसरं काही नाही! आळशी!"

आबा चपला काढून सरळ आत गेले.

"बाई," ते म्हणाले, "काय बी म्हणा, आळशी म्हणू नका. आळशी न्हाई माझी पोरगी. कामाची सवय हाय ती."

सुमनताई वळल्या. "कसली सवय, काका?"

आबांनी हवेतच करून दाखवलं. तनुजा कंपनीत प्रेस मशीनवर होती. पत्र्याचा तुकडा डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा, मग पोटाच्या उंचीवरची दोन बाजूंची दोन बटणं दोन्ही तळव्यांनी एकदम दाबायची, तेव्हा वरनं धाडकन दणका बसतो आणि तयार जॉब बाहेर काढायचा. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय मशीन हलतच नाही, कुणाचा हात आत राहू नये म्हणून. एका शिफ्टला असं दोन हजार वेळा. "जॉब काढला, पत्रा ठेवला, दोन कामं झाली की हात बटनावर," आबा म्हणाले. "हिचं दोन ठोशांचं काम झालं की हात आपसूक बटनं हुडकत खाली येत्यात. दमली की जास्तच. दमल्यावर माणूस सवयीनंच काम करतो, बाई."

हे त्यांना कळणारच. आबांनी तीस वर्षं भोसरीत प्रेसवर काढली होती. त्यांच्या वेळी बटणं नव्हती, पायात पेडल असायचं, आणि त्या पेडलानं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. म्हणून लेकीला प्रेसवर काम लागलं तेव्हा त्यांनी जेवायच्या दोन ताटल्या पालथ्या मांडून तिच्याकडनं आठवडाभर घोकून घेतलं होतं. "काम झालं की दोनी हात बटनावर. बटनावर हाय तवरच हात आपला." पोरगी चांगली शिकली. इतकी चांगली शिकली की रिंगमध्येसुद्धा विसरली नाही.

सुमनताईंनी कपाळावर हात मारला. तनुजाला मात्र दुसरीच शंका आली. येताना चाकण रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, तेव्हा तिनं मागनं विचारलं, "आबा, हे तुमाला आजच कळलं?"

आबांनी गाडी हातभर पुढं घेतली.

"आबा?"

"व्हिडिओ बघितला तवाच कळलं हुतं."

"म्हणजे अकरा महिने? अकरा महिने तुमी तोंडातनं शब्द काढला न्हाई? मी इथं मर-मर मरतीये, भात सोडलाय मी!"

"मला वाटलं, अजून एकदा हारशील, आन् सुटशील." आबांनी मान वळवली नाही. "तुझा डोळा बघितला हुता मी. माझ्या हाताचं झालं ते झालं. तुझं काय व्हायला नको हुतं."

"मग आज का सांगितलं?"

"आळशी म्हनली ना ती."

तनुजाला इतका राग आला की मोशीच्या सिग्नलला उतरून चालत घरी जावं असं वाटलं. सख्ख्या बापानं आपण हरावं म्हणून वाट बघितली! दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. डबा भरून ठेवायची, चहा ठेवायची, पण शब्द नाही. आई कुशाबाई मधल्या मध्ये वैतागल्या. "तुमी दोघं एकाच मातीची मडकी," त्या म्हणाल्या, "फुटाल पण वाकायचा न्हाई."

तिसऱ्या दिवशी पहाटे ती पळायला निघाली, तर आबा अंगणात कुंकवाचा करंडा घेऊन बसलेले.

"हिकडं ये. सवय मोडायच्या मागं लागू नको, ती मोडत नसती. मी लई गडी बघितल्यात. सवयीची जागा बदलायची." आणि त्यांनी ओल्या कुंकवाचे दोन मोठे ठिपके तिच्या दोन्ही गालफडांवर लावले. "ही तुझी नवी बटनं. दोन ठोसे झाले की हात हितं. हात न्हाई आला तर मशीन बंद, पुढचा ठोसा न्हाई मारायचा."

कुशाबाई दारातनं ओरडल्या, "अगं बाई, कपाळाचं कुंकू गालाला फासलं! लोक काय म्हणतील?"

"लोकांनी आधी पन काय कमी म्हनलंय?" आबा म्हणाले.

तनुजाला हसू फुटलं, आणि हसल्यावर राग धरून ठेवणं अवघड होऊन बसलं. तिनं ग्लोव्ह्ज चढवले. आबा तिच्यासमोर उशी धरून उभे राहिले. दोन ठोसे, हात गालाला. दोन ठोसे, हात गालाला. दर राऊंडनंतर आबा ग्लोव्ह्ज उलटून बघायचे. तळव्याच्या बाजूला लाल लागलं असेल तर ठीक, कोरडं असेल तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात सगळं कोरडंच. दुसऱ्या आठवड्यात एक हात लाल, एक कोरडा. सुमनताईंनी आधी हसून घेतलं, मग दुसऱ्याच दिवशी हॉलवर स्वतःच कुंकवाची डबी आणून ठेवली. तिसऱ्या आठवड्यात तर कमालच झाली. कंपनीत तनुजानं डायवर पत्रा ठेवला आणि दोन्ही तळवे गालाला लावून उभी राहिली. सुपरवायझर निरंजन म्हणाला, "काय गं, दाढ दुखतीये का?" ती इतकी खूश झाली की त्याला उत्तरही दिलं नाही. बटणं दाबल्याशिवाय मशीन काही चालणार नव्हतं, त्यामुळे तिथं धोका नव्हता.

फायनल रविवारी सकाळी अकराला होती, समोर पुन्हा मिनलच. आबा पहिल्यांदाच मॅच बघायला आले, इस्त्रीचा शर्ट घालून, तिसऱ्या रांगेत. निघोज्याची पंधरा-वीस टाळकी आली होती, ऋतिक मोबाइल काढून तयार. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे ती पडेल कशी तेच बघायला आलेले.

पहिल्या राऊंडात मिनल तिची वाटच बघत होती. तनुजा दोन ठोसे मारायची, मिनलचा उजवा हात खांद्याशी तयार व्हायचा, आणि तनुजाचे हात गालाला परत. मिनल मारायची ते ग्लोव्ह्जवर. एकदा झालं, दोनदा झालं, चारदा झालं. मिनलच्या कपाळाला आठी पडली. तनुजाला ती आठी दिसली आणि तिला असलं बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या राऊंडात तिनं आत घुसून पोटात मारलं, मिनलला दोरापर्यंत मागं नेलं. कोपऱ्यात सुमनताई पाणी पाजत म्हणाल्या, "बरोबरीत आहे. वाहवत जाऊ नकोस." त्यांच्या तोंडी हे मोठंच कौतुक होतं.

तिसऱ्या राऊंडात मात्र दम संपला. पोटऱ्या दगड झाल्या, खांद्यांत आग. मिनिटभर राहिलं असताना तिनं दोन ठोसे मारले आणि हात खाली गेले. तिचं तिला कळलंही नाही. मिनलचा उजवा बरोबर हनुवटीवर बसला आणि तनुजा गुडघ्यावर आली. रेफरी मोजायला लागला. मागनं कुणीतरी ओरडलं, "झालं, पार्ट टू पण तसाच!"

तनुजानं तिसऱ्या रांगेकडं बघितलं. आबांची खुर्ची रिकामी होती.

आबा निघून गेले. आता शब्द पाळायचा, घरी जायचं, संपलं. आणि मग तिला राग आला, आबांचा नाही, स्वतःचाही नाही, त्या "संपलं"चाच राग आला. अजून संपलं कुठं होतं? मोजणी सहावर असतानाच ती उठून उभी राहिली, आठ होईपर्यंत श्वास घेतला, आणि दोन्ही हात गालांवर इतके घट्ट दाबले की दाढा दुखल्या. चाळीस सेकंद. मिनल संपवायलाच आली. तनुजानं दोन ठोसे मारले, हात गालावर. पुन्हा दोन, पुन्हा गालावर. मिनल हात खाली यायची वाट बघत पुढं झुकली, आणि तनुजानं तिसरा मारला, गालावरनंच, सरळ. मिनलचं डोकं मागं गेलं. मग घंटा होईपर्यंत तनुजा एक पाऊल मागं सरली नाही. सुमनताई काय ओरडत होत्या ते तिला ऐकूच आलं नाही.

पाच पंच होते. दोघांनी मॅच मिनलला दिली, तिघांनी तनुजाला. रेफरीनं तिचा हात वर केला तेव्हा निघोज्याची टाळकी उड्या मारत होती, अन् ऋतिक मोबाइल धरायचा सोडून रडत होता. मिनलनं येऊन तिला मिठी मारली. "वर्षभर त्या हातांची वाट बघितली गं मी," ती म्हणाली, "एकदाच आले." तनुजाला ती मुलगी पहिल्यांदाच आवडली.

पण आबा? ती तशीच घामेजलेली, हाताच्या पट्ट्याही न सोडता बाहेर पळाली. पार्किंगच्या टोकाला मोटरसायकलला टेकून आबा बसले होते, पाठ हॉलकडं. त्यांना आतलं काहीच ठाऊक नव्हतं. ती समोर आली तसं त्यांनी तिच्या हनुवटीकडं बघितलं, लाल झाली होती. त्यांचे डोळे भरून आले, आणि तिला तोंड उघडू न देता तेच बोलायला लागले.

"तू पडलीस आन् मला बघवंना. बाहेर आलो. बाप हाय मी, काय करू? पन हितं बसून इचार केला. तो शब्द तू मला दिला हुतास ना? तो मी परत केला. तू सोडायचं न्हाई. दोन राऊंड हात खाली आला न्हाई, मी बघितलंय. तिसऱ्याला जमायला अजून सा महिने लागतील, लागू दे. पुढल्या वर्षी परत तिच्याशीच लढायचं. मी उठवतो तुला पहाटं. तुझी आई काय बी म्हनू दे."

तनुजा ऐकत राहिली. त्यांना मधे थांबवायचं तिच्या जिवावर आलं. असं बोलणं तिनं आबांकडनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांचं संपलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "आबा, मी जिंकले."

आबांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, गाडीला किल्ली लावली आणि म्हणाले, "मग राज्याला तीनच आठवडे हायत ना? बस मागं. उद्या चारला उठायचंय."