पेडलवरचे स्वस्तिक

सन दोन हजार पाच, महिना ऑगस्ट, ऋतू वर्षा. श्रावणातल्या एका गुरुवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका दुकानात माझ्या आयुष्याला खरा आरंभ झाला. त्याआधीचे माझे सारे दिवस खोक्यात गेले, आणि खोक्यातल्या दिवसांना तारखा नसतात.

मी कोण, हे आधी स्पष्ट केलेले बरे, कारण माझ्या बाबतीत फार गोंधळ होतो. मी सायकल नव्हे. माझ्यावर बसायला जागा नाही. मी ट्रेडमिलही नव्हे; माझ्याखाली पळता पट्टा नाही. मी घरगुती क्रॉस ट्रेनर आहे. माझ्या दोन पेडलांवर उभे राहायचे, दोन उंच दांड्या हातांत धरायच्या आणि चालायचे. पाऊल पेडलवरून सुटत नाही, ते लांबट वर्तुळात फिरत राहते. त्यामुळे चालण्याचा व्यायाम होतो आणि जमिनीचा हादरा गुडघ्याला बसत नाही. माझा सगळा अभिमान या एका गोष्टीत आहे.

त्या गुरुवारी दुकानात तिघे आले. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू आणि भाजी पिकवणाऱ्या पुतळाबाई, त्यांचा मुलगा सोमनाथ आणि सून सुवर्णा. पुतळाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, नऊवारी नेसलेल्या. डाव्या पायावर भार न देता त्या दारातून आत आल्या, आणि त्यांची नजर पाहून मी मनातल्या मनात ताठ उभा राहिलो. बाजारात फुलांची पाटी पारखताना ज्या नजरेने माणूस पाहतो, त्या नजरेने त्यांनी आम्हा सगळ्यांना पाहिले.

सुवर्णाने विक्रेत्याला सारी हकीकत सांगितली, म्हणून ती मलाही कळली. त्या घरात एक रिवाज आहे. घटस्थापनेच्या दिवशी मळ्यातल्या झेंडूची पहिली टोपली घरातल्या वडील बाईने डोक्यावर घेऊन, पायी, दोन कोसांवरच्या कालिकादेवीला न्यायची. ज्या वर्षी तिच्याने होणार नाही, त्या वर्षी टोपली सुनेकडे जाते, आणि एकदा गेलेली टोपली परत येत नाही. पुतळाबाईंनी ती एकतीस वर्षे नेली. मागच्या वर्षी मात्र वाटेतल्या पंचवटी कारंजापाशी त्यांचा गुडघा असा काही धरला, की त्या ओट्यावर बसल्या आणि उरलेली वाट टोपली सोमनाथच्या टेम्पोतून गेली. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले होते, की वजन उतरवा, मांड्यांना बळ आणा, पण धक्का बसेल असे काही करू नका. टोपली आता ज्या सुनेकडे जायची, तीच सून सासूबाईंसाठी यंत्र शोधायला आली होती. हे ऐकून मला सुवर्णाबद्दल जो आदर वाटला, तो आजही कमी झालेला नाही.

सोमनाथला ट्रेडमिल हवी होती. सुवर्णाने शांतपणे विचारले, की भारनियमनात सकाळी वीज गेल्यावर त्या पट्ट्यावर पापड वाळवायचे का. माझ्यातला रोध, म्हणजे पेडल जड करणारा अडसर, चुंबकाचा. मला विजेची तार नाही, मिनिटे दाखवणाऱ्या काट्यासाठी दोन सेल पुरतात. तिने खोलीची मापे गाठी मारलेल्या सुतळीवर आणली होती. पहिली गाठ लांबीची, दुसरी रुंदीची, तिसरी छताच्या उंचीची. कारण पेडलवर चढलेला माणूस वीतभर उंच होतो आणि डोके वाशाला लागता कामा नये. निवड करावी तर अशी करावी.

विक्रेत्याने आधी सर्वांत मोठे, चकचकीत यंत्र पुढे केले. पुतळाबाई त्यावर चढल्या आणि लगेच उतरल्या. त्याचे पाऊल त्यांच्या उंचीला फार लांब पडत होते, कमरेतून ताण बसत होता. दुसऱ्याला त्यांनी दोन्ही हातांनी हलवून पाहिले, ते डुगडुगले. मग त्या माझ्याकडे वळल्या. विक्रेता म्हणाला, "आजी, जपून. नऊवारी अडकेल चाकात."

"आरं, ह्या लुगड्यानं मी चिखलात लावणी केली, बैल हाकलं," पुतळाबाई म्हणाल्या. "काष्टा घातलेलं काय अडकतं? अडकायचं ते तुमच्या पोरींचं गोल पातळ अडकंल."

त्या चढल्या. माझे पाऊल चौदा इंची. त्यांना ते नेमके बसले. माझे जड चाक आवाज न करता फिरू लागले. चार फेऱ्या झाल्या, दहा झाल्या. पुतळाबाईंच्या कपाळावरची आठी गेली आणि त्या म्हणाल्या, "ह्येच." माझ्या चाकातून त्या वेळी जे सळसळत गेले, त्याला आनंदाखेरीज दुसरे नाव नाही.

मळ्याकडे खिडकी असलेल्या पुढच्या खोलीत मला जागा मिळाली. डॉक्टरांच्या सूचना सुवर्णाने भिंतीवर लिहून लावल्या, आणि त्या मला पूर्ण मान्य होत्या. पाठ सरळ. टाच पेडलला टेकलेली. दांड्यांवर ओणवे पडू नये. त्या धरायला आहेत, लोंबकळायला नाहीत. पहिला आठवडा रोध शून्यावर, पाच मिनिटे. दुखले की थांबायचे. पुतळाबाईंसाठी कापडी बूट आणले. घरातल्या वस्तूवर जोड्यानिशी चढणे त्यांना पटेना; तेव्हा ते बूट कधीही उंबऱ्याबाहेर जाणार नाहीत, असे ठरले.

काट्यावरचे बारीक आकडे त्यांना दिसत नसत. ते मोठ्याने वाचण्याचे काम सात वर्षांच्या नातीने, वेदिकाने, घेतले. "आजी, चार मिनिटं आणि अकरा सेकंद. आजी, पाठ." त्या पोरीचा आवाज ऐकला, की माझे चाक आपोआप हलके व्हायचे, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार थोडी.

दोन महिन्यांत पुतळाबाई पाच मिनिटांवरून वीस मिनिटांवर आल्या. त्या वर्षीच्या घटस्थापनेला टोपली डोक्यावर घेऊन त्यांनी कारंजा ओलांडला, गोदावरीचा पूलही गाठला. तिथे मात्र गुडघा पुन्हा बोलला. उरलेली वाट त्या टोपली मांडीवर घेऊन टेम्पोत बसल्या. घरी आल्यावर त्यांनी सुवर्णाला माझ्यासमोर उभे केले. "दोन सालं देवीनं सांभाळून घेतलं," त्या म्हणाल्या. "पुढच्या घटाला पायी पोचले नाय, तर टोपली तुझी. मग मला कोणी समजवायचं नाय."

सुवर्णाने माझ्या दांड्या ओल्या फडक्याने पुसल्या. वर्षभराचा अवधी होता, आणि मला पूर्ण खात्री होती.

पण आठवडाभरात खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या घरात सगळ्या अवजारांची पूजा होते. खुरपी, विळे, फवारणीचा पंप, सोमनाथचा टेम्पो, सगळे धुऊन ओळीने मांडले गेले. मलाही त्या ओळीत मान मिळाला. आयुष्यात प्रथमच माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडली. पुतळाबाई म्हणाल्या, "ह्याच्यावर बी स्वस्तिक काढ गं, वेदे. सपाट जागा बघून." आणि त्या टेम्पोकडे वळल्या.

वेदिकाने मला चारी बाजूंनी पाहिले. माझ्या अंगावर सपाट जागा फक्त दोनच: माझी दोन पेडले. काळ्या प्लास्टिकवर कुंकू टिकेना. तेव्हा तिने फुलांच्या क्रेटवर घराचे नाव घालण्याचा तांबडा ऑइलपेंट आणला, जीभ दातांत धरून, फार सुबक, दोन स्वस्तिके काढली आणि चार-चार ठिपकेही दिले. मी ओरडू शकलो असतो, तर ओरडलो असतो. पण मला तोंड नाही.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी पहाटे पुतळाबाई बूट घालून आल्या, त्यांनी एक पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, वाकून माझ्या पेडलला हात लावला, तो कपाळाला लावला आणि त्या निघून गेल्या.

स्वस्तिकावर पाय कोण देणार? सोमनाथने रॉकेलने पुसून टाकण्याची गोष्ट काढली. आईने त्याच्याकडे असे पाहिले, की डबा जागच्या जागी राहिला. कुणी सतरंजीचा तुकडा अंथरायला सुचवला. पुतळाबाईंनी विचारले, झाकल्याने खालचे नाहीसे होते का.

अशी माझी उपेक्षा सुरू झाली. इतर घरांतली माझी भावंडे आळसापोटी अडगळीत जातात, असे ऐकतो. माझ्या वाट्याला ती भक्तीपोटी आली. रोज सकाळी एकेका पेडलवर एक फूल वाहिले जाई. मग दांड्यांवर हळूहळू ओले टॉवेल आले, सोमनाथचे जाकीट आले. माझ्या मुठींवर काहीही टांगलेले मला मुळीच खपत नाही. पण सांगणार कुणाला? संक्रांतीपर्यंत पुतळाबाई पुन्हा भिंत धरून चालू लागल्या. वेदिका तर त्या खोलीत येईनाशी झाली. एकदा खिडकीतून मी तिला विचारताना ऐकले, "आजी, माझ्यामुळं तुझी टोपली जाणार का?" पुतळाबाईंनी तिला जवळ घेतले.

आणि उपाय तर माझ्याच अंगावर होता! प्रत्येक पेडल चार बोल्टांनी खालून बसवलेले असते. चार आणि चार, आठ बोल्ट. पाच महिने मी तो आठचा आकडा मनात घोकत उभा होतो.

सन दोन हजार सहा, मार्चचा तिसरा आठवडा. पाडव्याची झाडलोट चालली होती. सुवर्णा माझ्या पोटाखाली साचलेली धूळ काढत होती. तिचा हात पेडलच्या खालच्या अंगाला लागला आणि थांबला. तिने बोटाने एक बोल्ट चाचपला, मग दुसरा. ती उठली, टेम्पोतला पाना घेऊन आली, मग तशीच पाना हातात धरून सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, हे निघतं," ती म्हणाली.

"म्हंजे देव उचकटायचा?"

"उचकटायचा नाही. पायाखालून काढून देव्हाऱ्यात न्यायचा. तिथं तो जास्त शोभेल."

पुतळाबाईंनी तो पाना हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मी श्वास घेत असतो, तर रोखून धरला असता. शेवटी त्या म्हणाल्या, "मग पाय कशावर ठेवू, तुझ्या डोक्यावर?" आणि दोघी हसल्या. किती महिन्यांनी.

गोठ्यात जुन्या बैलगाडीची साटी, म्हणजे बसायच्या फळ्यांची चौकट, पडून होती. तिच्यातली बाभळीची फळी पुतळाबाईंनी स्वतः निवडली; दोन नाकारल्या, एकीला चीर होती आणि एकीला वाळवीचा वास. गोटीराम सुताराने नजरेने माप घेतले. पुतळाबाईंनी त्याच्या हातात टेप दिला. तरी एक फळी दोन सूत जाड झाली, आणि त्याला ती पुन्हा रंधावी लागली. पाय सरकू नये म्हणून त्याने वरून आडव्या खाचा पाडल्या. मला हे सारे मनापासून आवडले. काम व्हावे ते असे.

माझी जुनी पेडले हळदकुंकू वाहून देव्हाऱ्याच्या भिंतीवर लागली. पाडव्याच्या सकाळी पुतळाबाई बाभळीच्या पेडलांवर चढल्या. खोलीच्या दारात वेदिका उभी होती, आत यायला धजत नव्हती.

"आकडं कोण वाचणार?" आजीने पाठ न फिरवता विचारले.

पोर धावत आली. "शून्य मिनिटं, तीन सेकंद," ती म्हणाली. "आजी, पाठ."

त्यानंतरचे सहा महिने माझ्या आयुष्यातले सर्वोत्तम. पाच मिनिटे, दहा, पंचवीस, चाळीस. रोध शून्यावरून तिनावर. शेवटची पाच मिनिटे उलट्या दिशेने, मांडीच्या मागच्या बाजूसाठी. भाद्रपदात तर त्यांनी रिकामी टोपली डोक्यावर ठेवून चालायला सुरुवात केली. हे कोणत्याही सूचनापत्रकात नाही, आणि मी याची शिफारस करणार नाही. पण टोपली एकदाही कलली नाही, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

तेवीस सप्टेंबर दोन हजार सहा, शनिवार, घटस्थापना. सकाळी सव्वासहाला भरली टोपली उचलली गेली. सुवर्णा आणि वेदिका बरोबर निघाल्या. टेम्पो मागे दिसला तर तिथूनच माघारी येईन, असे पुतळाबाईंनी सोमनाथला बजावले होते. घर रिकामे झाले. मी कुठेही जाऊ न शकणारा चालण्याचा उपदेशक. मी खिडकीतून झेंडूची शेते पाहत मनाने त्यांची वाट धरली. आता कारंजा. आता पूल. आता शहरातली गर्दी. भिंतीवरच्या घड्याळाने साडेदहा दाखवले, अकरा दाखवले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी वेदिका ओसरीवरून धावत आली आणि माझ्या पेडलवर उडी मारून उभी राहिली. "पूर्ण," ती मला म्हणाली. आजवर कुणी माझ्याशी थेट बोलले नव्हते.

पाठोपाठ पुतळाबाई आल्या. भुवयांवर भंडारा, पायांवर धूळ, चालणे दमलेले पण सरळ. सुवर्णाने त्यांच्या हातची रिकामी टोपली घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती दिली नाही.

"ही तुझीच हाय," त्या म्हणाल्या. "पण मी म्हणंन त्या साली. गुडघा म्हणंल त्या साली नाय."

"मी कधी घाई केली, आत्याबाई?"

"म्हणून तर सांगते. उद्यापास्नं तू बी चढ ह्याच्यावर. अर्धा तास माझा, अर्धा तास तुझा."

एवढे बोलून त्यांनी टोपली माझ्या उजव्या दांडीवर पालथी घातली आणि हातपाय धुवायला गेल्या.

वाचकहो, तुमच्या घरी माझे एखादे भावंड असेल, तर त्याच्या दांड्यांवरचे टॉवेल कृपया आजच काढा. माझ्या मुठींवर काही टांगलेले मला खपत नाही, हे मी वर सांगितलेच आहे. ती टोपली तेवढी असू द्या.