तीन बटणं

परीक्षेआधी पोरांच्या ग्राफ काढणाऱ्या कॅल्क्युलेटरची मेमरी पुसायचं काम कॉलेजात प्रणिताकडेच असे. तीन बटणं एकदम दाबली, की सगळं साफ. ही युक्ती माहितीपुस्तिकेत नव्हती. नवऱ्यानं, सुहासनं, शिकवली होती.

सुहास गेला. दवाखान्यात पडल्यापडल्या त्यानं स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर समीकरणं जुळवून स्क्रीनवर भंडारदऱ्याचे डोंगर काढले होते.

तेराव्यानंतर स्वयंपाकघरातून लेक अपूर्वा म्हणाली, "आई, बाबांचे डोंगर बघू या ना."

प्रणितानं कपाटातून कॅल्क्युलेटर काढून चालू केला. मेली इतक्या वर्षांची सवय! तो हातात येताच बोटं आपसूक त्या तीन बटणांवर पडली.

स्क्रीन कोरी झाली.

"दिसतायत का गं?" अपूर्वा हात पुसत येत होती.

प्रणितानं कॅल्क्युलेटर छातीशी धरला.

"थांब गं. आधी मला पोटभर बघू दे."