गोपाळरावांचा पूर्वपक्ष

इसवी सन एकोणीसशे छप्पन्न, जानेवारीतला दुसरा शनिवार, सायंकाळची वेळ. स्थळ पुणे, शनिवार पेठेतल्या एका शाळेचा वरच्या मजल्यावरचा वर्ग. विवेचक मंडळाची मासिक सभा भरली होती आणि विषय फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिला होता : ‘प्रत्येक नागरिकाच्या औषधोपचाराची हमी सरकारने घ्यावी.’

गोपाळकृष्ण आगाशे यांना तो वाचता येत नव्हता. समोर फळा आहे, एवढे त्यांना दिसत होते. उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार यांपलीकडे काही कळत नसे. डाव्यातला मोतीबिंदू पिकला होता, आणि आणखी दिवस घालवलेत तर तोही डोळा हातचा जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण गोपाळरावांच्या पसंतीस शस्त्रवैद्यच उतरत नव्हता. एक फार बोलतो, दुसरा मुळीच बोलत नाही, तिसऱ्याच्या दवाखान्यात घड्याळ मागे पडलेले. शेवटी त्यांच्या पत्नीने, मंदाकिनीबाईंनी, सरकारी रुग्णालयात सोमवारची खाट ठरवून टाकली.

“फुकटचा उपचार म्हणजे दानधर्म,” गोपाळराव म्हणाले होते. “आगाशांच्या घरात कोणी हात पसरलेला नाही.”

“पसरूही नका. तिथे नुसतं पडून राहायचं आहे. आठवडाभर डोळ्यांना पट्टी, मान हलवायची नाही, बोलायचं नाही.”

या शेवटच्या अटीची गोपाळरावांना धास्ती वाटली. मात्र तो तात्त्विक विरोध आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. “शनिवारी याच विषयावर सभा आहे आणि मी ठरावाविरुद्ध बोलणार आहे. सभेने ठराव मंजूर केला, तर सोमवारी मी आपल्या पायांनी चालत जाईन,” असे त्यांनी जाहीर केले. कित्येक वर्षांत ते मंडळात हरले नव्हते.

मंडळाचा एक दंडक होता. स्वपक्ष मांडण्यापूर्वी वक्त्याने पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, इतक्या प्रामाणिकपणे मांडायचे की प्रतिपक्षाने आपण होऊन ‘मान्य’ म्हणावे. तोवर स्वतःच्या बाजूचा एक शब्दही उच्चारायचा नाही. या कलेत गोपाळरावांचा हात धरणारे कोणी नव्हते. आपले म्हणणे आपल्याहून चांगले ऐकायला मिळते, म्हणून त्यांचे प्रतिपक्षीही लवकर येऊन पुढे बसत.

आजचे प्रतिपक्षी श्रीनिवास गोडबोले यांचे बुधवार पेठेत औषधांचे दुकान होते. सरकारने औषधे वाटावीत, असे दुकानदारानेच म्हणावे, हे पाहून त्यांचे धंद्यातले भाऊबंद हवालदिल झाले होते. श्रीनिवासरावांनी गोपाळरावांचा पक्ष चार वाक्यांत मांडला, ‘मान्य’ मिळवले, आपले भाषण आटोपले आणि ते रुमालाने चष्मा पुसत बसले.

मंदाकिनीबाईंच्या शेजारून गोपाळराव उठले. टिपणे वाचण्याचा प्रश्नच नव्हता. सारे मुखोद्गत होते. “प्रतिपक्ष म्हणतो की, आजार माणसाची ऐपत पाहून येत नाही, म्हणून उपचारानेही ती पाहू नये.” एवढे म्हणून ते थांबले.

“अजून एक मुद्दा राहिला,” श्रीनिवासराव बसल्या जागेवरून म्हणाले.

“राहिला असेल, तर मांडतो.” गोपाळरावांनी साथीच्या रोगांचा दाखला दिला. देवीची साथ शेजारच्या घरात शिरली, तर आपले दार लावून घेण्यात शहाणपण नाही, हे त्यांनी अशा डौलदार वाक्यात सांगितले की मागच्या बाकावरून दाद आली.

“सुंदर. पण अजून राहिला.”

“श्रीनिवासराव, आपल्या भाषणात तरी तो होता का?”

“मला कुठे तुमच्यासारखं बोलता येतं? मनात होता.”

सभा हसली. गोपाळरावांना हा आपल्या नेमकेपणाचा अपमान वाटला आणि ते ईर्ष्येला पेटले. खडकीच्या कारखान्यातल्या कामगाराला दवाखाना मिळतो, मग त्याच रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईला का मिळू नये, असे त्यांनी विचारले. अध्यक्षा आनंदीबाई जोग यांनी घड्याळाकडे पाहिले. श्रीनिवासराव मान हलवत होते. ती होकारार्थी की नकारार्थी, हे गोपाळरावांना दिसत नव्हते. या अडवणुकीवर आक्षेप घेण्यासाठी गोपाळरावांनी उजवा हात वर केला आणि तो तसाच ठेवून ते बोलत राहिले.

“प्रतिपक्ष असेही म्हणेल की, नळाचं पाणी पिताना आपण ओशाळत नाही. रात्री रस्त्यावर दिवा लागतो, त्याच्या उजेडात चालताना हात पसरल्यासारखं वाटत नाही. जे सर्वांनी मिळून सर्वांसाठी केलं, ते दान नव्हे. त्याला दान म्हणणारा मनुष्य बहुधा...” येथे ते अडखळले. एवढा वेळ प्रतिपक्षाच्या मनात शिरता शिरता ते भलत्याच घरात येऊन पोचले होते. “बहुधा स्वाभिमानी नसतो. घाबरलेला असतो. आणि हक्क मिळाला, तर त्याच्याजवळ सबब उरत नाही.”

श्रीनिवासरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“मान्य,” श्रीनिवासराव म्हणाले, आणि त्याच क्षणी वेळ संपल्याची घंटा वाजली.

“पण मी माझी बाजू मांडलेलीच नाही,” गोपाळराव म्हणाले.

“ती आम्हाला पाठ आहे, गोपाळराव,” आनंदीबाई म्हणाल्या. “ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत.”

बाके करकरली. गोपाळरावांनी शेजारी बसलेल्या मंदाकिनीबाईंना हळूच विचारले, “किती हात आहेत?”

“सगळे.”

“सगळे कसे असतील? माझा?”

“तुमचाही आहे. मघापासून वरच आहे तो.”

गोपाळरावांनी हात खाली घेण्यासाठी कोपर वाकवले. मग त्यांनी क्षणभर विचार केला. इतका बिनतोड पूर्वपक्ष त्यांनी आजवर मांडला नव्हता, आणि त्याचे उत्तर, खरे सांगायचे तर, या घडीला त्यांच्यापाशीही नव्हते. त्यांनी कोपर पुन्हा ताठ केले.

“मी काही बोललो नाही, असं इतिवृत्तात नोंदवू नका,” ते म्हणाले. “न बोलण्याचं काम सोमवारपासून आठवडाभर करायचंच आहे.”

आनंदीबाईंनी हसू आवरले आणि टेबलावर टिचकी मारली.

“ठराव एकमताने मंजूर. गोपाळराव, सोमवारी डोळ्याची शस्त्रक्रिया करून घ्या.”