गळ्यातलं लाल बूच

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी कयाक आहे. कयाक म्हणजे एका माणसाने वर बसून वल्हवायची, प्लॅस्टिकची, आतून पोकळ अशी अरुंद होडी. माझ्या पोटाला एक ठिगळ आहे, नाक घासून घासून पांढरं पडलं आहे, आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, जळका आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढे तुम्हाला कळणारच आहे, मग लपवायचं कशाला?

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक साच्यात पिवळी पूड ओतली, तो भट्टीत घालून गरगर फिरवला, आणि मी झाले. मग दुकानात वर्षभर भिंतीला टेकून उभी होते. येणारा-जाणारा म्हणे, "बाई बाई, काय हा भडक रंग!" एके दिवशी गणिताचे एक मास्तर बायकोला घेऊन आले. त्यांनी मला टिचकी मारून पाहिली, टेपने दोनदा मोजलं आणि म्हणाले, "भडक आहे तेच बरं. उद्या बुडालो तर लांबून दिसेल."

"अहो, शुभ बोला जरा!" बायको म्हणाली. पण मास्तरांनी मला घरी नेलं.

त्यानंतरची अकरा वर्षं माझी. सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत मास्तर मला गाडीच्या टपावर बांधायचे आणि समुद्रावर न्यायचे. माझ्या शेपटीकडे एक भोक आहे. पोटात थोडंफार पाणी शिरतंच, ते घरी आल्यावर काढून टाकायला. त्याचं काळं बूच मास्तर गळ्यातल्या किल्ल्यांच्या दोरीत अडकवून ठेवायचे. किनाऱ्यावर पोचलं की ते बूच घट्ट फिरवून बसवायचं, माझ्या पाठीवर दोन थापट्या मारायच्या आणि म्हणायचं, "चला!" अकरा वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नाही. त्या दोन थापट्यांसाठी मी आठवडाभर वाट बघत असे. एकदा मास्तरांच्या कमरेएवढी सुरमई लागली, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं, "मी काय, नुसता गळ धरून बसलो होतो. आणली हिने." मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पुढे एका दगडावर घासून माझं पोट चिरलं. मास्तरांचा धाकटा भाऊ प्लंबर. त्याने तापवलेल्या पत्र्याने प्लॅस्टिक वितळवून ठिगळ लावलं. "आता जन्मात गळणार नाही, दादा," तो म्हणाला. मास्तरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "कड अजून घासायला हवी होतीस." धाकट्याने आपली हत्यारं पिशवीत भरली. लहानपणापासून दादाचे शर्ट, दादाची सायकल, दादाची कंपासपेटी त्याच्याकडे यायची, आणि सोबत दादाचं एखादं वाक्य फुकट.

मग एक दिवस ती आली. नवी कयाक, निळीशार! तिला पाय मारून चालवायचे पेडल होते, पाठ टेकायला खुर्ची होती, आणि पुढे एक छोटा पडदा होता, त्यावर म्हणे पाण्याखालचे मासे दिसायचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सवत ती सवतच, मग ती प्लॅस्टिकची का असेना! नव्याचे नऊ दिवस, असं मी मनाला बजावलं. नऊ झाले, नव्वद झाले. मास्तर तिला मऊ फडक्याने पुसायचे. तिच्यावर छप्पर, आणि मी मागच्या दारी पाण्याच्या टाकीला टेकून, उन्हात. माझ्यावर पायपुसणी वाळत घालायचे हो! एक मांजर माझ्या बसायच्या जागेत व्यायली, तिला तरी मी हवी होते.

अशात मास्तर धाकट्याला म्हणाले, "ही जुनी तू घे. तुला पुरेल."

"तुला पुरेल" ऐकून धाकट्याचा चेहरा पडला, तो मी पाहिला. मला त्याचं दुःख कळलं, कारण मीही तेच होते. उरलेली.

दुसऱ्याच सकाळी मास्तर त्याला शिकवायला घेऊन निघाले. टपावर आम्ही दोघी शेजारी शेजारी. ती गप्प होती. मला वाटलं, केवढी शिष्ट!

किनाऱ्यावर मास्तरांनी आम्हाला वाळूत ठेवलं. गळ्यातल्या दोरीला आता दोन बुचं होती, माझं काळं आणि तिचं लाल. धाकटा नवशिका, म्हणून मास्तरांनी आधी माझं बूच बसवलं. घट्ट फिरवलं. आणि हात आपोआप माझ्या पाठीवर आला. दोन थापट्या! किती महिन्यांनी! "चला!" मास्तर म्हणाले.

मित्रांनो, घोळ झाला तो इथेच. अकरा वर्षांच्या सवयीने दोन थापट्या म्हणजे सगळी तयारी झाली. मास्तरांच्या डोक्याने हिशेब मिटवला. ते निळीला पाण्याकडे ओढू लागले, आणि लाल बूच त्यांच्या छातीवर लोंबतच राहिलं.

मला ते दिसलं. धाकट्यालाही दिसलं. आयुष्य गळके नळ बंद करण्यात गेलेल्या माणसाची नजर ती, चुकेल कशी?

"दादा, ते बू..."

"आधी वल्हं नीट धर! उलटं धरलंयस. आणि मला शिकवू नकोस," मास्तर म्हणाले.

धाकट्याने तोंड मिटलं, ते मिटलंच. आणि मी? मला आनंद झाला. होय, आनंद. भरू दे तिचं पोट, म्हटलं. कळू दे जरा मास्तरांना.

लाटा ओलांडून आम्ही आत गेलो. पाणी शांत होतं. निळी पेडलवर सुळकन पुढे, आणि आम्ही मागे चुबुक चुबुक. मास्तर पडद्यात बघायचे, गळ टाकायचे की बांगडा वर. पुन्हा टाकायचे, पुन्हा वर. आमचा गळ तासभर नुसता भिजत पडला होता.

"इथले मासेसुद्धा शाळेत जाणारे दिसतात," धाकटा पुटपुटला. "सगळे मास्तरांकडे!"

मी मात्र निळीची शेपटी बघत होते. सुरुवातीला ती पाण्याच्या वर होती, मग पाण्याला टेकली, मग तिच्यावरून पाणी वाहायला लागलं. मास्तर हसून ओरडले, "अरे, माशांचं वजन बघ! जड झाली ही!" मीही मनात हसले. पाच-सहा बांगड्यांनी कुठे कयाक जड होते?

धाकटा हसला नाही. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "दादा! पाणी भरतंय! बूच तुझ्या गळ्यात आहे!" त्याने एकदाचं ओरडून सांगितलं.

मास्तरांनी छातीकडे हात नेला आणि बघायला मागे वळले. त्याच क्षणी एक साधीच लाट आली. पोटातलं सगळं पाणी एका बाजूला धावलं आणि निळी उलटली. मास्तर पाण्यात, चष्मा पाण्यात, बांगडे आपल्या घरी.

तरंगायचं जाकीट होतं म्हणून मास्तर वर आले. पण चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नव्हतं. ते उलट्या दिशेने, खोल पाण्याकडे हात मारू लागले. "कुठे आहेस रे? मला दिसत नाहीये!" असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला एवढंच कळलं की हे माझे मास्तर आहेत आणि ते माझ्यापासून लांब चालले आहेत.

"दादा, इकडे! पिवळं बघ! पिवळं दिसतंय का?" धाकटा वल्हं मारत ओरडला.

मास्तर थांबले, वळले. "दिसतंय," ते म्हणाले. माझ्या भडक रंगावर तोवर बरेच जण हसले होते.

त्यांनी माझी मागची मूठ पकडली. धाकट्याने त्यांना दंडाला धरून माझ्या शेपटीकडच्या खळग्यात पालथं ओढून घेतलं. मी एका माणसापुरती, त्यात म्हातारी. दोघांच्या वजनाने ठिगळ करकरलं. फाटलं तर तिघेही गेलो! पण ठिगळ धाकट्याच्या हातचं होतं. ते राहिलं.

"तिला बांधून घे," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"मरू दे ती! वारा किनाऱ्याकडे आहे, येईल तर येईल. तू हलू नकोस."

मास्तर हलले नाहीत. बहुधा जन्मात पहिल्यांदाच त्यांनी धाकट्याचं ऐकलं. मी मागे पाहिलं. निळी पालथी पडली होती, पोट वर, ते भोक आभाळाकडे उघडं. हेच तर मला हवं होतं ना? मग मला बरं का वाटत नव्हतं? तिला पेडल मिळाले, खुर्ची मिळाली, पण तिने काही ते माझ्याकडून हिसकावून घेतले नव्हते. आणि सकाळभर ती गप्प होती ती शिष्टपणाने की माझ्यासारखीच मुकी म्हणून, हे मी कधी विचारात घेतलं होतं?

किनाऱ्यावर दोघे भाऊ ओल्या वाळूत बसले.

"दादा, मला सकाळीच दिसलं होतं बूच," धाकटा खाली बघत म्हणाला. "तू ओरडलास म्हणून गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली."

मला वाटलं, आता मास्तर त्याला फाडून खाणार. मास्तरांनी गळ्यातली दोरी काढली आणि भावाच्या हातात दिली. "पुढच्या वेळी बोल रे बाबा," ते म्हणाले. "मी ओरडलो तरी बोल."

धाकट्याने दोरी घेतली आणि आपल्या गळ्यात घातली.

दुपारी निळी आपोआप किनाऱ्याला लागली, अंगभर ओरखडे घेऊन. मास्तर म्हणाले, "वाटल्यास ही नवी तू घे, पिवळी मी ठेवतो." पण धाकटा म्हणाला, "नको. मला हीच हवी." मित्रांनो, मला कुणीतरी मागून घेतलं!

आता मी धाकट्याकडे असते. तो मला गोड्या पाण्याने धुतो, सावलीत ठेवतो. समुद्रावर आम्ही चौघे जातो. दोन्ही बुचं धाकटाच बसवतो, आणि थापट्या आम्हा दोघींना मिळतात. तिला मिळतात तेव्हा अजूनही थोडं पोटात दुखतं. स्वभाव का कुठे जातो?

पण एक गोष्ट मला अजून टोचते. कुणीही म्हणेल, तुला बिचारीला तोंडच नाही, तू काय सांगणार होतीस? खरं आहे. पण मला ठाऊक आहे, त्या सकाळी मला तोंड असतं, तरी मी ते उघडलं नसतं. तुम्हाला तोंड आहे, मित्रांनो. ज्याच्यावर जळता, त्याच्या गळ्यात बूच लोंबताना दिसलं, तर आधी ओरडा. जळायला काय, घरी गेल्यावर वेळ असतोच.