गजालाला विचारा

बाळापूरच्या गजालाला अकोल्यातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात बोलायला बोलावलं होतं. ती एकोणतीस वर्षांची होती. आई जहाँआरा ब्लाऊज शिवायची आणि कापड बेतण्याचं सगळं काम गजालाकडे असायचं. आपल्याला ऑटिझम आहे हे तिला चोविसाव्या वर्षी कळलं. तेव्हापासून ती त्यावर मोबाईलवर थोडं थोडं लिहून सगळ्यांना वाचायला टाकायची. ते वाचूनच श्रावणी नावाच्या संयोजक बाईंनी तिला फोन केला होता. फोनवर बोलणं गजालाला जड जातं, म्हणून तिने उत्तर लिहून पाठवलं : येते. माईक नको. टाळ्या नकोत. आई सोबत असेल.

श्रावणीबाईंनी सगळं मान्य केलं. पण प्रशिक्षणाच्या दिवशी अध्यक्ष म्हणून बसलेले मुख्याध्यापक हरिहर सर थेट जहाँआराकडेच वळले. "ताई, तुमीच सांगा ना हिच्याबद्दल. लहानपणी कशी होती, काय त्रास झाला."

जहाँआरा उठलीही. डॉक्टर असो की पाहुणे, मुलीच्या वतीने आजवर तीच बोलत आली होती.

"अम्मी, बस," गजाला म्हणाली. "सर, मी इथंच आहे. मले विचारा."

ती उभी राहिली. समोरच्या साठ जणांकडे न बघता, हातातल्या कागदाकडे बघत बोलू लागली.

"मी पाचवीत होती. आमच्या वर्गाच्या खिडकीबाहेर घंटा होती, लोखंडी रुळाचा तुकडा. ती वाजली का माह्या दातापर्यंत दुखे. कवा वाजते ते मले ठाऊक होतं, म्हणून मी आधीच कान झाकून घेत होती. बाईंले वाटलं, मले शिकायचं नाही. त्यायनं मले वर्गाबाहेर उभं केलं. घंटेच्या खाली. रोज. दिवाळीनंतर मी शाळेत गेलीच नाही. दहावी घरून केली."



"पण एका वर्गात चाळीस पोरं असतात," हरिहर सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, अडचण होती. "एकेकाले विचारत बसलो तर शिकवाचं कवा?"

गजालाने हातातल्या कागदाची घडी घातली. तिला उत्तर सुचत नाही असं वाटून दोघे-तिघे चुळबुळले. जहाँआराने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"मले बाहेर काढाले रोज वेळ भेटे," गजाला शेवटी म्हणाली. "कान काहून झाकते, हे विचाराले एक मिनिट लागलं असतं. एकदाच."

हरिहर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग बार्शीटाकळीच्या सिंधू मॅडम उठल्या. त्यांच्या दुसरीच्या वर्गात प्रणाली नावाची मुलगी होती. ती बोलत नसे, दिवसभर बाकाखाली बसून राही. "तिले वर कसं बसवू?"

"मले ती माहीत नाही," गजाला म्हणाली. "तिले विचारा. बोलत नसन तर चित्रं दाखवा, बोट ठेवू द्या. आन् तवरोक तिले खालीच बसू द्या."

ती खाली बसली तसा मागे कोणीतरी टाळ्या वाजवायला लागला. हरिहर सरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

परतीच्या एसटीत जहाँआरा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. घंटेचं तिने आज पहिल्यांदा ऐकलं होतं. शाळेत जात नाही म्हणून त्या वर्षी तिने मुलीला मारलं होतं.

"बेटा, मुझे क्यों नहीं बताया?"

"तब बोलना नहीं आता था, अम्मी. लफ़्ज़ बाद में आए."

जहाँआराने तिचा हात धरला नाही. असा अचानक धरलेला हात गजालाला आवडत नाही, हे तिला ठाऊक होतं. आपला हात तिने दोघींच्या मधे सीटवर उताणा ठेवला. पारस फाट्यापाशी गजालाने त्यावर आपली दोन बोटं टेकवली.

बारा दिवसांनी सिंधू मॅडमचा मेसेज आला. प्रणालीने पंख्याच्या चित्रावर बोट ठेवलं होतं. तिच्या डोक्यावरचा पंखा करकरायचा. आता ती दाराजवळ बसते. कधीकधी अजूनही बाकाखाली जाते, मग मॅडम तिची वही तिथेच देतात. तुम्ही एकदा शाळेत याल का, असंही त्यांनी विचारलं होतं.

लग्नसराई होती, आठ ब्लाऊज बेतायचे राहिले होते. गजालाने ते चार दिवसांत उरकले आणि शुक्रवारी एकटीच बार्शीटाकळीला गेली.